अठ्ठावीस पानांची प्रस्तावना आणि शंभर रुपयांचं पुस्तक

अर्धापूरच्या शकुंतलाबाईंना फसवलं गेलं ते गेल्या वर्षी तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लातुरात. त्यांच्या हातात दोन रिकाम्या नायलॉनच्या पिशव्या होत्या. दुसऱ्या दिवशी जयंतीच्या मैदानावर चादर अंथरून स्वतःचं पुस्तक विकायचं, म्हणून त्या एसटीनं प्रती आणायला गेल्या होत्या. हजार प्रतींचे चाळीस हजार रुपये त्यांनी प्रकाशकाला आधीच दिले होते. प्रकाशकानं त्यांना तीस प्रती दिल्या.

"बाकीच्या?"

"वितरणात आहेत, ताई. महाराष्ट्रभर गेलंय तुमचं पुस्तक!"

बाई एक पिशवी अर्धी भरून आणि दुसरी घडी घालून घरी आल्या. हा अन्याय आहे. मी त्याला गैरसमज म्हणणार नाही, व्यवहारातली चूक म्हणणार नाही. प्रकाशकाचं नाव मात्र इथं लिहीत नाही, कारण या अंकाच्या संपादकांनी फोनवर अक्षरशः हात जोडले. त्यांचंही बरोबर आहे. त्यांना जाहिराती लातूरहूनच येतात.

माझं नाव प्रज्ञा. नांदेडला एका डिजिटल प्रेसच्या माडीवर माझं टेबल आहे. मी नव्या लेखकांची पुस्तकं मांडून देते आणि ती स्वतःची स्वतः कशी काढायची ते शिकवते. त्याआधी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिली. शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची, रेशनची, पाण्याची. रिक्षात बसून भोंग्यावरून ती वाचलीसुद्धा. त्यामुळे माझी वाक्यं ओरडतात असं काही जाणकार म्हणतात. ओरडू देत.

प्रेस मोहसीनभाईंची. त्यांच्या वडिलांचा छापखाना होता, लग्नपत्रिकांचा. मोहसीनभाईंनी जुनी यंत्रं विकून एक डिजिटल मशीन आणि एक बाइंडिंगची मशीन घेतली, तेव्हा बाजारातले लोक त्यांना म्हणाले, बुडणार. भाई बुडाले नाहीत. पण त्यांना नेहमी वाटत राहतं की उद्या बुडतील, आणि त्यामुळे ते फार सावध आणि फार सरळ माणूस आहेत.

आता धंदा समजून घ्या. ज्यांना कळतो त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढं जावं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे ऑफसेटमध्ये, आधी प्लेटा काढाव्या लागतात, मशीन जुळवावी लागते. एक प्रत छापा की हजार छापा, हा सुरुवातीचा खर्च तेवढाच. म्हणून जितक्या जास्त छापाल तितकी एकेक प्रत स्वस्त पडते. डिजिटलमध्ये प्लेट नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच भावात. एकच पाहिजे तर एक छापा, सात पाहिजेत तर सात. मागणी आली की छापायचं. नव्या लेखकासाठी याच्याइतकी मोठी गोष्ट माझ्या हयातीत झालेली नाही, हे मी कुठंही उभी राहून सांगेन. प्रत महाग पडते, ऑफसेटच्या जवळजवळ दुप्पट. नफा चिमूटभर. ऑनलाइन विकायला ठेवली तर विकणारेच मोठा घास घेतात. हे सगळं खरं. पण दिवाणाखाली पडून वाळवीनं खाल्लेली प्रत स्वस्त असते, हे मला कुणी समजावून सांगावं! पत्रकं आम्ही हजारांनी छापायचो, कारण पत्रक फुकट वाटायचं असतं. पुस्तक विकायचं असतं. या दोन हिशोबांची गल्लत करूनच आमच्या भागातले लेखक आयुष्याची पुंजी घालवतात.

आणि वर मान पाहिजे! एकदा एक निवृत्त नायब तहसीलदार आत्मचरित्र घेऊन आले. पन्नास प्रती छापायच्या होत्या. मजकूर मंजूर केला, मुखपृष्ठ मंजूर केलं, मग हळूच म्हणाले, "आतल्या पानावर तिसरी आवृत्ती असं टाका."

"साहेब, पहिली अजून निघायची आहे."

"ते आपल्याला माहीत. वाचकाला कुठं माहीत?"

मी नकार दिला. ते चिडून खाली मोहसीनभाईंकडं गेले. भाई म्हणाले, "साहब, तिसरी छापतो, पण आधीच्या दोन्हीचे पैसे भरायला लागतात." पहिली आवृत्ती छापली गेली.

शकुंतलाबाई माझ्याकडं आल्या त्या मे महिन्यात, उन्हातून, डोक्यावर पदर घेऊन. निवृत्त अंगणवाडी सेविका. त्याआधी तरुणपणी अर्धापूरच्या केळीच्या बागांत मजुरी केलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर केळीचा घड, आणि बागेतून ट्रकपर्यंत खेपा. त्यांच्याबरोबर खेपा करणाऱ्या बायांची एकेकीची हकिगत त्यांनी लिहिली होती. पुस्तकाचं नाव 'डोक्यावरचा घड'. प्रकाशकानं मुखपृष्ठावर गुलाबाचं फूल टाकलं होतं.

"गुलाब कशाला?" मी विचारलं.

"तेच मी म्हणले. तर म्हणला, ताई, महिलांच्या पुस्तकाला गुलाबच चालतो."

मी पुस्तक उघडलं आणि उभ्यानं चार पानं वाचली. मग खुर्ची ओढली. केळीचा चीक साडीवर पडला की डाग काळा होतो आणि जात नाही. म्हणून बागेत जायची साडी वेगळी ठेवायची. आणि एका बाईकडं दुसरी साडीच नव्हती, तर तिनं लग्नातही तीच साडी, डाग आतल्या बाजूला येईल अशी नेसली. हे असं सगळं. एकही शब्द रडका नाही. माझ्या टेबलावर कवितांचे ढीग येतात, पण असं काही वर्षात एखादं येतं. मी हर्षानं वेडी झाले. जिन्यावरून ओरडले, "मोहसीनभाई, वर या! चहा घेऊन या!"

शकुंतलाबाईंना माझा हर्ष नको होता. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"पोरी, ह्या पुस्तकात ज्या बाया हाईत, त्यांनी ते इकत घ्यावं. आपल्या पैशानं. मी फुकट देणार न्हाई. सगळ्या जिंदगीत त्यांला लोकांनी जुनं, उरलेलं, फुकटचं दिलं. हे त्यांनी इकत घ्यायचं. आणि ह्याच्यावर अडीचशे रुपये छापलंय. अडीचशेला कोण घेईल? शंभर पाहिजे. शंभराची नोट बाई काढते. त्याच्यावर न्हाई काढत."

तर मुद्दा हा होता. शंभर रुपये. आणि दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, नांदेडच्या विहाराच्या मैदानावर स्टॉल.

आधी पुस्तक सोडवून आणायचं होतं. जूनमध्ये आम्ही दोघी लातूरला गेलो.

प्रकाशकाचं ऑफिस एका बँकेच्या वर. आत कपाटभर स्मृतिचिन्हं, शाली आणि नारळ ठेवायची वेगळी टोपली. पॅकेजमध्ये सगळं येतं: हजार प्रती, व्यासपीठ, शाल, नारळ, आणि पन्नास प्रती 'सप्रेम भेट' म्हणून मान्यवरांना. बाईंच्या तीस प्रती येईपर्यंत मान्यवरांच्या पन्नास कधीच गेल्या होत्या. समोरच्या बाकावर एक तरुण शिक्षक बसला होता, रेणापूरचा, मांडीवर कवितांची फाईल आणि खिशात चेकबुक. चेकबुकचं टोक दिसत होतं.

"या या, शकुंतलाताई! चहा सांगू?"

"चहा पिऊन आलो. पुस्तकं कुठं हाईत?"

"सांगितलं ना, वितरणात."

"म्हंजे कुठं?"

"पुणे, मुंबई, नाशिक..."

"एका दुकानाचं नाव सांगा. माझा भाचा पुण्यात हाय. जाऊन बघंल."

"ताई, तसं नसतं. ती एक सिस्टीम असते."

"मग सिस्टीमला सांगा दोनशे प्रती वापस दे म्हणून. माझ्या पैशाच्या हाईत."

"दोनशे का, पाहिजे तेवढ्या देतो! शुक्रवारी या."

मी तोवर गप्प होते. ते मला जड जातं. "तयार आहेत ना प्रती? मग शुक्रवार कशाला?" मी पिशवीतून दोन प्रती काढून त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक एप्रिलमध्ये दिलेल्या तिसांतली, तिचा कागद पिवळसर. दुसरी बाईंनी मेमध्ये मागवलेल्या दहांतली, तिचा कागद पांढराशुभ्र. "हजार प्रती एका दमात छापल्या असत्या तर कागद बदलला नसता. तुम्ही हजार छापल्याच नाहीत. मागेल तशा दहा-वीस काढताय. पैसे मात्र हजारांचे घेतलेत."

लक्षात घ्या, मागेल तसं छापणं हा गुन्हा नाही. मी तर त्याचाच प्रचार करते. एक प्रत छापून हजारांचे पैसे घेणं, हा दरोडा आहे. ज्या यंत्रानं गरीब लेखक सुटायचा, त्याच यंत्रानं त्याला लुटायचं. प्लेटांचा खर्च नाही, गोदाम नाही, कागदाचा साठा नाही, आणि चाळीस हजार खिशात. माझं डोकं फिरलं ते इथं.

"तुम्ही कोण?" प्रकाशक म्हणाला.

"मी पत्रकं लिहिते."

मी त्याच्याच टेबलावरचा त्याचाच कॅटलॉग उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. लिहिता लिहिता वाचत होते. रिक्षातल्या आवाजात. "लातूरकर बंधू आणि भगिनींनो! तुमच्या शहरात पुस्तकं छापण्याच्या नावाखाली..."

"हळू बोला! खाली बँक आहे."

"बँकेतल्या लोकांनीही ऐकावं. त्यांतले निम्मे कविता करतात."

रेणापूरचा शिक्षक हसला. मग हसू गिळलं. मग हळूच चेकबुक खिशात खोल ढकललं. ते प्रकाशकानं पाहिलं, आणि मला वाटतं, सौदा तिथंच ठरला. घासाघीस पुष्कळ झाली. शेवटी बाईंचे अर्धे पैसे, पुस्तकाची फाईल पेन ड्राइव्हमध्ये, आणि 'या पुस्तकावर माझा कुठलाही हक्क नाही' असं सहीनिशी. उरलेले अर्धे पैसे अजून आलेले नाहीत. ते मी विसरलेले नाही.

जिना उतरताना शिक्षक मागं मागं आला. "ताई, मग मी काय करू?"

"किती लोक तुमचं पुस्तक विकत घेतील? नावं सांगा."

त्यानं बोटं मोजली. शाळेतले, मेहुणा, दोन मित्र. अठराला अडकला.

"वीस छापा," मी म्हणाले. "विकल्या तर परत वीस. पाचशे जण रांगेत उभे राहिले तर ऑफसेटला जा, मी स्वतः घेऊन जाईन."

"पण वीस म्हणजे... लोक काय म्हणतील?"

शकुंतलाबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, म्हणूनच माझे चाळीस हजार गेले, बाळा."

नांदेडला आलो आणि मोहसीनभाईंनी फाईल उघडली. आता खरी लढाई सुरू झाली, आणि ती लातूरच्या माणसाशी नव्हती.

डिजिटलमध्ये पानाला पैसे पडतात. भाईंचा भाव, आतल्या पानाला साठ पैसे. मुखपृष्ठ आणि बाइंडिंग मिळून पंचवीस रुपये. पुस्तक एकशे साठ पानांचं. म्हणजे एका प्रतीला एकशे एकवीस रुपये. शंभरला विकायचं कसं?

"अजी ताई, नुकसान में बेचो क्या?" भाई म्हणाले.

मी पानं चाळायला लागले. शकुंतलाबाईंचं लिखाण किती? शंभर पानं. मग बाकीची साठ कशाची? शुभेच्छा संदेश बारा पानं. आजी-माजी सगळे, प्रत्येकाचा फोटो, आणि एकानंही पुस्तक वाचल्याची खूण नाही. प्रकाशकाच्या जाहिराती, सत्काराचे फोटो, कोरी पानं, सगळं मिळून वीस. आणि प्रस्तावना अठ्ठावीस पानं.

संदेश, जाहिराती, फोटो मी दहा मिनिटांत उडवले. बाईंनी हूं की चूं केलं नाही. प्रस्तावनेवर बोट ठेवलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"ती राहू दे."

"अठ्ठावीस पानं आहेत, बाई."

"सरांची हाय ती."

सर म्हणजे नांदेडचे एक निवृत्त प्राचार्य. आमच्या भागात त्यांना नुसतं सर म्हटलं की पुरतं. रविवारी विहारात ते बायांना लिहायला-वाचायला बसवायचे. शकुंतलाबाईंना, "हे जे बोलतेस ते लिहून काढ," असं पहिल्यांदा म्हणणारे तेच. प्रस्तावना वाईट नव्हती. पहिल्या वीस पानांत श्रमाच्या संकल्पनेचा जगभरचा इतिहास होता. केळी एकविसाव्या पानावर येत होती. अगदी शेवटी मात्र चार वाक्यं अशी होती की वाचून मी थांबले. त्या चार वाक्यांत सरांनी हे पुस्तक नीट पाहिलं होतं.

"बाई, शंभर पानांचे साठ, वर पंचवीस, पंचाऐंशी रुपये. शंभरला विकलं तर पंधरा तुमच्या हातात. प्रस्तावना ठेवली तर प्रतीमागं सतरा रुपये वाढतात. म्हणजे पुस्तक शंभराच्या वर गेलं. तुम्हीच म्हणालात, शंभराच्या वर बाई पैसे काढत नाही."

"म्हणले. पण पोरी, सरांनी लिहिलंय म्हणून लोक त्याला पुस्तक म्हणून राहिले. न्हाईतर म्हणले असते, अंगणवाडीच्या बाईनं काहीतरी खरडलंय."

मी प्रस्तावना तशीच ठेवून फाईल मिटली. आठवडाभर त्या आल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "चल, सरांकडं जाऊ. न विचारता काढणार न्हाई."

सरांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शकुंतला, प्रस्तावना म्हणजे पुस्तकाचं दार. वाचक आत येतो तो तिथून."

"दार लई चांगलं हाय, सर. पण आमच्या बायांला आत जायचेच सतरा रुपये पडून राहिले."

"विचार असा पानांवर मोजतात का?"

"मी न्हाई मोजत. मशीन मोजते."

सर माझ्याकडं पाहून म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?" मी मान हलवणार, तोच बाई बोलल्या. आवाज अगदी मऊ होता. "सर, माझं मन होत न्हाई काढायचं. तुम्ही भरता का तेवढे? एका प्रतीमागं सतरा. मग सगळी अठ्ठावीस ठेवते. एक ओळ कमी करणार न्हाई."

मला ठसका लागला. बाई थट्टा करत नव्हत्या. त्यांनी मनापासून विचारलं होतं, आणि म्हणूनच सरांना ते फार लागलं. ते उठले. "तुमचं पुस्तक आहे. करा काय करायचं ते," म्हणाले आणि आत गेले.

परतताना रिक्षात बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "त्यांनीच मला लिही म्हणलं होतं गं." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिशोब बरोबर असूनही माणूस दुखावतो, आणि त्याला आपल्याकडं इलाज नसतो. सर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. याचं मला वाईट वाटतं. हिशोब बदलावा असं मात्र वाटत नाही.

वाट सापडली ती मुखपृष्ठ करताना. गुलाब काढून मी बाईंच्या जुन्या चुंबळीचा फोटो घेतला, पुढं तेवढाच. मागची बाजू मोकळी होती. भाईंना विचारलं, "मागं मजकूर टाकला तर किती वाढतील?"

"मागं? कुछ नहीं. पान तो नहीं वाढता ना."

सरांची ती शेवटची चार वाक्यं मी मलपृष्ठावर घेतली, खाली त्यांचं नाव ठळक. बाईंना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून हळूहळू वाचलं. मग म्हणाल्या, "हे तर समोरच आलं की. मधी असतं तर कुणी वाचलंच नसतं."

किंमत, शंभर रुपये. आम्ही साठ प्रती छापल्या.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मैदान सकाळपासूनच भरलं. आमच्या डाव्या हाताला वीस रुपयांच्या पुस्तिकांचा स्टॉल, उजव्या हाताला कॅलेंडरं आणि मूर्ती. मी मनात धरलं होतं, तीस गेल्या तरी जिंकलो.

अकराच्या सुमाराला अर्धापूरहून दोन टेम्पो आले. बाया उतरल्या, पांढऱ्या साड्यांत, आणि सरळ आमच्या चादरीकडं आल्या. सगळ्यांत पुढं धुरपताबाई होत्या, साडीवरच्या डागाच्या हकिगतीतल्या त्याच.

"कितीला गं, शकुंतला?"

"शंभरला."

"माझं हाय का ह्यात?"

"बावन्न पानावर."

"अगं बाई! म्हंजे माझीच गोष्ट मीच इकत घेऊ? ह्याला काय इमान म्हणावं का?"

"न्हाई घ्यायची तर नको घेऊस. दुसरी घेईल आणि तुझं सगळं वाचंल."

धुरपताबाईंनी कमरेची पिशवी सोडली, नोट काढली, सरळ केली आणि चादरीवर ठेवली. त्यांना वाचता येत नाही. सुनेला म्हणाल्या, "बावन्न काढ." सून तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचायला लागली. डागाचा भाग आला तशी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्या हसायला लागल्या, आणि धुरपताबाई सगळ्यांत जोरात. "खरंच हाय की गं! असंच नेसले होते!"

मग जे झालं ते मी काय सांगू! बाया नोटा काढून राहिल्या, पानं उलटून राहिल्या, एकमेकींना नंबर सांगून राहिल्या. "माझं एकाहत्तर!" "माझं अठ्ठावीसला हाय!" त्यांचं बघून परके लोक थांबले. शेजारच्या पुस्तिकावाल्यानं सुद्धा एक घेतली. जेवणाच्या आत साठ प्रती संपल्या आणि चादर रिकामी झाली. माणसं उभी आणि पुस्तक नाही.

मी मोहसीनभाईंना फोन लावला. "भाई, संपली!"

"क्या संपली?"

"पुस्तकं! सगळी!"

"मजाक नक्को करा, ताई. सुट्टीचा दिवस हाय."

मी फोन गर्दीकडं धरला. "हौ हौ," भाई म्हणाले, "मशीन चालू करतो."

हे ऑफसेटला झालं असतं का? प्लेटा, जुळणी, बाइंडिंग, आठवड्यानं या. लातूरच्या त्या माणसाकडं झालं असतं का? शुक्रवारी या. आमची मशीन मैदानापासून दोन गल्ल्यांवर होती. दुपार कलायच्या आत भाई स्कूटरवरून आले, पुढं खोका, मागं खोका. चाळीस प्रती. पाठीचा गोंद अजून निवला नव्हता. मी पहिली प्रत हातात घेतली तर ती गरम होती, तव्यावरून काढल्यासारखी. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. धुरपताबाई म्हणाल्या, "हिला काय झालं?" शकुंतलाबाई म्हणाल्या, "हिचं असंच हाय."

संध्याकाळी सर आले.

स्टॉलसमोर उभं राहून त्यांनी प्रत उचलली. सुरुवातीची पानं उलटली. अर्पणपत्रिका, आणि लगेच पहिली हकिगत. त्यांनी पुन्हा मागं जाऊन पाहिलं. नाही. मग पुस्तक मिटलं आणि पालथं केलं. स्वतःची चार वाक्यं त्यांनी उभ्यानं वाचली, चष्मा वर करून. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पुस्तकासकट शकुंतलाबाईंपुढं धरलं. आमच्याकडं याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पहिल्या पानावर 'आदरणीय सरांना सप्रेम भेट' लिहायचं, खाली सही करायची आणि पुस्तक दोन्ही हातांनी द्यायचं. मान्यवर पैसे देत नसतात. मी बघत होते. बाजूला धुरपताबाई होत्या, त्याही बघत होत्या.

शकुंतलाबाईंनी पेन घेतलं. 'आदरणीय सरांना' लिहिलं. खाली सही केली. मधली जागा कोरी ठेवली. पुस्तक दोन्ही हातांनी दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "शंभर रुपये, सर."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग धुरपताबाईंच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं. पाकीट काढलं, नोट दिली.

"छपाई चांगली आहे, शकुंतला," म्हणाले, आणि गेले. माझ्याकडं बघितलं नाही.

बाईंनी ती नोट कपाळाला लावली नाही की वेगळी ठेवली नाही. बाकीच्या नोटांत मिसळली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "बोला."

रेणापूरच्या शिक्षकाच्या वीस प्रती गेल्या, पुढच्या वीसही गेल्या. 'डोक्यावरचा घड' आम्ही अजून छापतो, कधी सात, कधी पंचवीस. मागणी आली की भाई जिन्याखालून विचारतात, "किती, ताई?" आणि मी सांगते. माझ्या नोकरीतला सगळ्यांत आवडता शब्द तो आहे: किती.

आता तुमच्याकडं येते. हा अंक हातात धरून बसलेल्या तुमच्याकडंच. तुमच्या कपाटात आमच्या भागातल्या कुणा ना कुणा लेखकाचं, 'सप्रेम भेट' लिहिलेलं एक तरी पुस्तक आहे. ते तुम्हाला प्रकाशनाच्या दिवशी मिळालं, तुम्ही हसून घेतलं, फोटो काढला आणि कपाटात ठेवलं. ती प्रत त्या माणसानं स्वतःच्या पैशानं छापली होती. उठा. ते पुस्तक बाहेर काढा. पालथं करून मागची किंमत वाचा, लेखकाला फोन लावा, आणि तेवढे पैसे आजच्या आज त्याच्याकडं पोचवा.